वेस्टर्न खोगिराच्या स्कर्टला अस्तर कुठलं लावायचं? लोकर नंतर बघा, कातडं आधी बघा

आपल्या बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी भागात घोडे पाळणारे काय कमी नाहीत. कुणाचा घोडागाडीच्या शर्यतीचा, कुणाचा वरातीचा, कुणाचा नुसता हौसेचा, आणि अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी माउलींच्या पालखीसाठी आळंदीला जातात हे तर सगळ्यांना माहीतच आहे. आता ह्यातल्या काहींच्या दारात वेस्टर्न खोगीर पण दिसतंय, ते पुढं मूठ असलेलं, मोठं, जड, लांब बसायला आरामाचं. बहुतेक वेळा ते सेकंडहँड घेतलेलं असतं आणि वर्ष-दोन वर्षात खालची लोकर जाते, मग प्रश्न येतो की आता खाली काय लावायचं. दुकानदार म्हणतो फर लावा, कुणी म्हणतंय फोम चिकटवा, कुणी म्हणतंय जुनं ब्लँकेट शिवा. सगळं सविस्तर लिहितो, कारण चुकीचं अस्तर लागलं की त्रास आपल्याला नाही होत, पाठ घोड्याची सोलते आणि ते मुकं जनावर सांगू शकत नाही.

आधी स्कर्ट म्हणजे कुठला भाग ते बघू. खोगीर उलटं करून टेबलावर ठेवा. आतला जो कडक सांगाडा असतो त्याला ट्री म्हणतात, लाकडाचा किंवा फायबरचा, आणि त्याच्या दोन लांब पट्ट्या घोड्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना बसतात, त्यांना बार म्हणतात. ह्या बारच्या खाली जे मोठं जाड चामडं दोन्ही बाजूंना पसरलेलं असतं ते स्कर्ट. चांगल्या खोगिरात हे चामडं १३ ते १५ औंसाचं असतं, म्हणजे आपल्या भाषेत साधारण ५ ते ६ मिलिमीटर जाड. त्याच्या खालच्या बाजूला जे लोकरीचं अस्तर असतं त्याबद्दल आपण बोलतोय.

अस्तराचं काम काय? बरेच जण समजतात की गादीसारखं मऊ लागावं म्हणून असतं. तसं नाही. गादीचं काम खालचं पॅड करतंय, म्हणजे खोगीर आणि घोड्याच्या पाठीच्या मधे टाकतात ती जाड गादी. अस्तराचं पहिलं काम म्हणजे पॅडला धरून ठेवणं, खोगीर पुढंमागं सरकू न देणं. दुसरं, बारच्या कडा, स्क्रू, खिळे, चामड्याच्या वाद्यांच्या म्हणजे पट्ट्यांच्या गाठी ह्या सगळ्याच्या आणि पॅडच्या मधे एक थर ठेवणं. तिसरं, पॅडमधून वर आलेला घाम घेणं आणि खोगीर उतरवल्यावर तो सोडून देणं. म्हणून जे अस्तर घाम घेतंय पण सोडत नाही ते आपल्याकडं चालत नाही, आणि जे घेतच नाही ते पण चालत नाही.

खरी लोकर इथंच पुढं जाते. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओल आत घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि पॉलिस्टर एक टक्का पण घेत नाही, पाणी नुसतं धाग्यांच्या मधे अडकून बसतंय. घोड्याचा घाम आपल्या घामापेक्षा खारट असतो आणि त्यात लॅथेरिन नावाचं एक प्रोटीन असतं जे साबणासारखा फेस करतंय, शर्यतीतल्या घोड्याच्या मानेवर, मांड्यांच्या मधे तो पांढरा फेस बघितलाच असेल. हा खारट फेस अस्तरात जाऊन वाळतो, त्याचे कडक गोळे होतात आणि मग तेच गोळे पॅडमधून पाठीला रुततात. लोकरीतनं ते ब्रशनं निघतात. पॉलिस्टर फ्लीसमधे, म्हणजे लोकरीसारख्या दिसणाऱ्या नकली कापडात, धाग्याची टोकं गुंतून गोळा होऊन बसतात, एकदा बसली की परत उठत नाहीत.

म्हणून माझं सरळ मत: परवडत असेल तर खरं मेंढीचं कातडं, लोकरीसकट कमावलेलं. ते नाही मिळालं तर खरं लोकरीचं जाड फेल्ट, म्हणजे दाबून केलेला लोकरीचा नमदा. सिंथेटिक फ्लीस शेवटी, आणि ते सुद्धा आठवड्यातनं एखाद्या वेळेस तासभर बसणाऱ्यासाठीच.

आता मेंढीचं कातडं विकत घेताना सगळे लोकर बघतात. पांढरी शुभ्र आहे का, मऊ आहे का, गालाला लावून बघतात. लोकर बघायची पण नंतर. आधी उलटं करून कातडं बघा, कारण अस्तर फाटतं ते कातड्यातनं फाटतं, शिलाईच्या रेषेवर फाटतं, लोकरीत कधी फाटत नाही.

सगळ्यात मोठी फसगत तुरटीच्या कातड्यात होते. तुरटी आणि मीठ लावून कमावलेलं कातडं दिसायला पांढरं, मऊ, एकदम छान दिसतंय, घरात बसायला आसन म्हणून उत्तम, पण तुरटी पाण्यात सुटते. म्हणजे घाम, पाऊस, धुणं, असं चार-पाच वेळा झालं की ते कातडं परत कच्चं व्हायला लागतंय, आणि वाळलं की शिंगासारखं कडक. खोगिराला हे कातडं अजिबात नको. ओळखायचं कसं, तर घेण्याआधी नखाएवढा नाही, चांगला दोन बोटं रुंद तुकडा मागून घ्या. रात्रभर साध्या पाण्यात टाका. सकाळी काढून बोटांत धरा. पाणी पांढुरकं झालं असेल, तुकडा बुळबुळीत आणि फुगलेला लागत असेल, तर शंका घ्या. मग सावलीत दोन दिवस वाळू द्या आणि दुमडून बघा. चांगलं कमावलेलं कातडं वाळल्यावर थोडं ताठ होतं पण हातानं चोळलं, ताणलं की परत मऊ पडतंय. तुरटीचं कातडं पापडासारखं वाजतंय आणि घडीवर पांढरी चीर पडते. ही एक टेस्ट केली तरी निम्मी फसवणूक टळते, आणि जो दुकानदार तुकडा द्यायला कुरकुर करतोय त्याच्याकडनं घेऊच नका.

क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं कातडं चालतं. कडेला कापून बघितलं तर आतून निळसर-राखाडी झाक असते. ते पाण्याला टिकतं, बुरशी पण त्यावर कमी धरते. झाडाच्या सालीनं कमावलेलं असेल तर आतून तपकिरी असतंय, ते पण चालतंय, पण पावसाळ्यात बुरशीवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. अथणी, निपाणीकडचे चप्पल कारागीर बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्यात पिढ्यानपिढ्या काम करतायत, कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरबरोबर आपले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार जिल्हे पण आहेत. त्यांच्यापैकी कुणी ओळखीचं असेल तर कातडं घेताना सोबत न्या. लोकरीसकटचं कातडं त्यांचा रोजचा माल नाही, पण कातड्याला बोट लावून ते जे सांगतील ते दुकानदार सांगणार नाही.

कातडं पास झालं की मग लोकर. लोकरीची चिमूट धरून जरा जोरात ओढा. दोन-चार केस आले तर ठीक, पुंजका मुळासकट हातात आला तर कमावताना कातडं सडलेलं होतं, ठेवून द्या परत. मग दोन्ही अंगठ्यांनी लोकर दुभागून बघा, खालचं कातडं लगेच उघडं दिसलं तर लोकर विरळ आहे, खोगिराखाली महिन्याभरात चपटी होणार. मूठ दाबून ठेवा आणि सोडा, लोकर वर उठली पाहिजे. उंची पाऊण इंच ते एक इंच बास झाली. दीड-दोन इंचाची लांब लोकर दिसायला भारी वाटते पण ती खाली गुंतते, गोळे होतात आणि एका जागी जाड, एका जागी पातळ असं होऊन खोगिराचा तोल बिघडतो. मी तर सगळीकडं सारखी छाटलेली लोकर असेल तरच घ्या म्हणेन.

रंगीत कातडं नको. काळं, मरून, चॉकलेटी असलं कायतर मिळतंय, पण ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा, बऱ्याचदा रंग सुटतो. घामात तो रंग पॅडवर येणार, आणि आपल्याकडं पांढऱ्या घोड्यांची हौस किती ते सांगायला नको.

खरं की खोटं ह्याची शंका असेल तर कडेच्या चार केसांना काडी लावा. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळून काळा कडक मणी होतो. हे घराबाहेर करा आणि चिमट्यात धरून करा, वितळलेला थेंब बोटावर पडला तर चटका बसतोय.

आता एक प्रश्न नेहमी येतो, आपल्याकडं एवढे धनगर आहेत, मेंढरं आहेत, मग गावातलंच कातडं का नको? दोन गोष्टी आहेत. आपली दख्खनी मेंढी मुळात भरड लोकरीची, केसाळ, ती लोकर घोंगडीसाठी एक नंबर पण दाट गालिच्यासारखी उभी राहत नाही, त्यामुळं स्कर्टच्या अस्तराला विरळ पडते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जत्रेला किंवा बकरी ईदला फुकटात नाहीतर स्वस्तात मिळालेलं मीठ लावलेलं कच्चं कातडं घरी चुना-तुरटी करून वापरायचं मनात पण आणू नका. नीट न कमावलेलं कातडं घोड्याच्या घामानं सडतंच, आणि आजारी मेलेल्या जनावराच्या कातड्यातनं, लोकरीतनं ॲन्थ्रॅक्स माणसाला होऊ शकतो, त्याचे जंतू वर्षानुवर्षं टिकतात. मेलेलं मेंढरू कशानं मेलं माहीत नसेल तर त्याच्या कातड्याला हात लावायचा नाही, संपला विषय.

पण घोंगडी मात्र वापरा की! अस्तर म्हणून नाही, पॅडच्या खाली, पाठीला लागून. चौघडी घातलेली चांगली घोंगडी घाम पिते आणि उन्हाळ्यात सुद्धा पाठ भाजत नाही. नवी घोंगडी असेल तर आधी गार पाण्यात दोन-तीन वेळा नुसती भिजवून, चोळून धुवा, कारण विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ लावलेली असते, ती कडक असते आणि घामानं परत चिकट होते. खळ निघाली की घोंगडी मऊ पडते, मगच घोड्यावर टाका. घडीची कड पाठीच्या मधोमध येऊ देऊ नका, तेवढं सांभाळा.

फेल्ट, म्हणजे नमदा, हा दुसरा चांगला पर्याय. ८ ते १० मिलिमीटर जाडीचं, शंभर टक्के लोकरीचं घ्या. गालिच्याखाली घालायचं जे फेल्ट मिळतं ते बहुतेक सिंथेटिक असतं, ते हातानं ओढलं की कापसासारखं सुटतंय, ते नको. चांगलं फेल्ट कडेला बोटांनी ओढलं तरी थर सुटत नाहीत आणि कापल्यावर कड सरळ राहते. फेल्टचा एक फायदा असा की जाडी सगळीकडं सारखी, कातड्यासारखं पोटाकडं पातळ, पाठीकडं जाड असं नसतं. तोटा म्हणजे शिलाईपाशी ते लवकर झिजतं, आणि घामाचं मीठ साचलं की पुठ्ठ्यासारखं होतं, म्हणून महिन्यातनं एकदा ब्रश आणि गार पाणी लागतंच.

सिंथेटिक फ्लीसबद्दल वर सांगितलं. फोम, रेक्झिन, निओप्रिन असलं काही स्कर्टखाली लावू नका. गुळगुळीत चामड्याचं अस्तर पण काही जण करतात, पुसायला सोपं असतं, पण पॅडवर सरकतं आणि मग माणूस तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, जास्त आवळतो, घोड्याचा श्वास कोंडतो.

भागाप्रमाणं पण फरक करा. खानापूर, जांबोटी, चोर्ला बाजूला पावसाळ्यात महिनोन् महिने ऊन दिसत नाही, तिथं सालीनं कमावलेलं कातडं घेतलं तर बुरशी ठरलेली, क्रोमचं घ्या आणि लोकर पाऊण इंचाचीच ठेवा म्हणजे लवकर वाळेल. अथणी, रायबागकडं कोरडं हवामान, तिथं कुठलंही चांगलं कातडं चालतं पण कुसळं! पावसाळा संपून गवत वाळलं की कुसळी गवताची टोकदार कुसळं लोकरीत शिरतात आणि दर पावलाला आत आत सरकत जातात, वरून हात फिरवला तर कळत पण नाही. दसऱ्यापासून पुढं माळावर फिरणाऱ्यांनी खोगीर उतरवल्यावर लोकर उलट्या दिशेनं बोटांनी दुभागत बघायची, मग जाड दातांचा कंगवा घालायचा. गोखरू असेल तर कंगव्यानं ओढू नका, पक्कडीनं काढा, नाहीतर लोकरीचा पुंजका येतो त्याच्याबरोबर.

आता बसवायचं कसं ते. जुनं अस्तर फेकायच्या आधी ते वाचा. कुठली जागा चपटी, चकचकीत झालीय ते बघा. दोन्ही बाजूंना सारखी झिज असेल तर छान. एकाच बाजूला, किंवा पुढं खांद्यापाशी एकाच ठिकाणी झिजलं असेल तर ट्री घोड्याला बसत नाहीये नाहीतर तुटलेलाय, आणि नवीन अस्तर लावून ते बरं होणार नाही. घोड्याच्या पाठीवर त्याच जागी पांढरे केस आले असतील तर खात्रीच धरा. अशा वेळी अस्तरावर पैसे घालू नका, आधी ट्री दाखवा कुणालातरी.

स्कर्ट ट्रीवरून सोडवताना प्रत्येक वादीचा, स्क्रूचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मग रापीनं, म्हणजे चांभाराच्या चामडं कापायच्या हत्यारानं, जुनी शिलाई कापा आणि जुनं अस्तर अखंड काढा, तेच आपलं माप. ते आकसलेलं असतं म्हणून स्कर्टवर ठेवून कागदाचा फर्मा काढा आणि चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त धरा. डावा-उजवा असे दोन वेगळे, फर्मा उलटवून आखायचा, नाहीतर दोन्ही डावे कापून बसाल. लोकर ज्या बाजूला झोपते ती दिशा दोन्हीकडं एकच ठेवा, मी शेपटीच्या बाजूला झोपणारी ठेवतो. एक बाजू पुढं, एक मागं अशी झाली तर पकड दोन्हीकडं सारखी राहत नाही.

कापताना कात्री नाही. कातडं वर, लोकर खाली असं ठेवायचं, थोडं उचलून धरायचं आणि धारदार ब्लेडनं फक्त कातडं कापायचं. लोकर मग आपोआप दोन बाजूंना वेगळी होते, कडेला भुंडी दिसत नाही. कात्रीनं कापलं की कडेची लोकर पण अर्धी कापली जाते आणि शिलाईपाशी टक्कल पडतं.

चिकटवायला चप्पल-बुटाचं रबर सोल्युशन चालतं, पण स्कर्टची आतली बाजू तेलकट असेल तर काहीच धरणार नाही, म्हणून अस्तर बदलायचं ठरलं की महिनाभर आधीपासून तेल लावणं बंद. दोन्हीकडं पातळ थर, हाताला चिकटेनासा झाला की दाबायचं, खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास गॅस-बिडी नको. आणि हे नीट ऐका: स्कर्ट सपाट टेबलावर ठेवून अस्तर चिकटवू नका. खोगिरावर तो वाकलेला बसतो, सपाट चिकटवलेलं अस्तर वाकवल्यावर आतल्या बाजूला सुरकुत्या धरतंय आणि त्या सुरकुत्या थेट बारखाली येतात. स्कर्ट ट्रीच्या आकारात वाकवून, एखाद्या गोल ओंडक्यावर किंवा पाइपवर उलटा धरून मधनं कडेकडं दाबत जायचं.

शिलाई जुन्याच भोकांतनं घ्या. नवीन भोकं पाडली की मूळ चामडं कडेनं कमजोर होतं आणि तो स्कर्ट परत मिळणार नाही. मेण लावलेला जाड नायलॉन नाहीतर लिननचा दोरा, दोन सुयांची शिलाई, म्हणजे एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. आरीनं फक्त अस्तराचं कातडं टोचायचं, लोकर बाजूला सारून, दोऱ्यात केस अडकू न देता. मशीनवाल्याकडं दिलं तर त्याला सांगा की टाके फार जवळ नको, पातळ कातड्यात जवळजवळ टाके म्हणजे फाटायची रेघच आखून दिल्यासारखं. शेवटी कडेचं जास्तीचं कातडं छाटा, लोकर किंचित बाहेर डोकावली तर राहू द्या.

रोजची काळजी फार नाही. उतरवलं की खोगीर लोकर वर करून सावलीत, वाऱ्याला. कडक उन्हात नको, कातडं तडकतं. वाळल्यावर ताठ ब्रश. डिटर्जंट, गरम पाणी, वॉशिंग मशीन काही नको, लागलंच तर गार पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं. कसरीसाठी डांबराच्या गोळ्या ठेवायच्या असतील तर खोगीर वापरात नसतानाच, आणि घोड्यावर टाकायच्या आधी दोन दिवस वाऱ्याला ठेवा. एक खोगीर चार घोड्यांना वापरत असाल तर घोड्याच्या पाठीवर गोल टक्कल, खपली असं गजकर्ण दिसल्याबरोबर ते खोगीर आणि पॅड वेगळं करा, लोकरीतनं ते दुसऱ्या घोड्याला लागतं आणि आपल्या हातांना पण.

नवीन अस्तर लावल्यावर सुरुवातीच्या काही फेऱ्यांत लोकर दबते आणि तंग ढिला पडतो. बसल्यावर दहा मिनिटं चालवा, उतरा, तंग परत बघा, एक-दोन भोकं आत घ्यावीच लागतात. पहिल्या पाच-सहा फेऱ्या तासाच्या आतच ठेवा आणि प्रत्येक वेळी उतरल्यावर पाठीवर घामाचा ठसा बघा. सगळीकडं ओलं आणि मधेच एका बाजूला कोरडा डाग असेल तर तिथं दाब येत असू शकतो, अस्तर तिथं जाड झालंय का ते हात घालून चाचपा आणि लोकर थोडी छाटून सारखी करा.